शत्रुदेशाचा पासपोर्ट

३ सप्टेंबर १९३९ चा दिवस रविवारचा होता. इंग्लंडनं जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलं आणि व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी हिंदुस्थानही युद्धात उतरल्याचं जाहीर केलं. कुठल्याही भारतीय पुढाऱ्याला त्यांनी विचारलं नाही. त्यावरून काँग्रेस संतापली, प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले, हे आपण शाळेत शिकलो. त्याच दिवसापासून सुरू झालेल्या दुसऱ्या एका गोष्टीची नोंद मात्र पाठ्यपुस्तकात नाही. परदेशी माणसांच्या नोंदणीचा कायदा त्याच वर्षी एप्रिलमध्ये झाला होता, त्यामुळे याद्या तयारच होत्या. मुंबई, कलकत्ता, कराची, मद्रास आणि आतल्या लहान गावांतही पोलीस जर्मन पुरुषांच्या दारात जाऊन उभे राहिले. कुणी रंगाच्या कंपनीचा विक्रेता होता, कुणी मिशनरी, कुणी डॉक्टर. कुणी बोटीची वाट पाहणारा गिर्यारोहक होता. आणि बनारसमध्ये संस्कृत शिकायला आलेला एक तरुण होता.

त्याचं नाव आल्फ्रेड व्युर्फेल. १९३५ साली तो भारतात आला, काशी हिंदू विद्यापीठात संस्कृत शिकला आणि तिथंच जर्मनही शिकवू लागला. मालवीयजींनी उभारलेलं ते विद्यापीठ त्या वेळी पंचविशीतही नव्हतं. युद्ध सुरू झालं त्याच महिन्यात सर्वपल्ली राधाकृष्णन तिथं कुलगुरू म्हणून आले. व्युर्फेलची पुढची वर्षं मात्र काटेरी कुंपणाआड गेली. त्यांतला बराच काळ डेहराडूनजवळच्या छावणीत.

युद्धकाळातल्या सामान्य जर्मनांबद्दल आपण वाचतो, सिनेमे पाहतो, तेव्हा डोळ्यांपुढे बर्लिन येतं, हॅम्बुर्ग येतं, तळघरं आणि भोंगे येतात. ते खरंच आहे. पण काही हजार जर्मनांचं युद्ध आपल्या अंगणात घडलं. त्यातही बरंचसं महाराष्ट्रात, नगर, देवळाली, सातारा आणि पुरंदर इथं. ही बाजू आपण जवळजवळ विसरलो आहोत.

काशीला जर्मन माणूस नवा नव्हता. हायडलबर्गचे गेऑर्ग थिबो १८७५ मध्ये इथल्या संस्कृत कॉलेजात प्राध्यापक म्हणून आले. वराहमिहिराची ‘पंचसिद्धान्तिका’ त्यांनी सुधाकर द्विवेदींना जोडीला घेऊन संपादित केली, तो ग्रंथ १८८९ मध्ये निघाला. द्विवेदींच्या आधी त्या कॉलेजात ज्योतिष शिकवायचे ते बापूदेवशास्त्री, म्हणजे आपले परांजपे. पंचगंगा, ब्रह्मघाट, दुर्गाघाट या भागात मराठी शास्त्र्यांची घरं होती, वेदपाठशाळा होत्या. बाहेरून आलेला कुणी जिज्ञासू त्यांच्या ओट्यावर बसला तर पहिला प्रश्न ‘काय शिकायचंय?’ हाच असे. ‘पासपोर्ट कुठला?’ हे विचारायचं काम सरकारचं.

ते काम सरकारनं कसं केलं, हे अस्सी घाटावरच्या शेजाऱ्यांकडे पाहिलं की कळतं.

अ‍ॅलिस बोनर ही शिल्पकार. उदय शंकर यांच्याबरोबर ती १९३० मध्ये भारतात आली आणि १९३६ पासून अस्सीवर राहू लागली. जर्मनभाषक, पण पासपोर्ट स्विस. स्वित्झर्लंड तटस्थ, म्हणून ती सुटली. तिचं घाटाजवळचं घर आज तिच्या नावाची संस्था म्हणून उभं आहे, तिची चित्रं आणि संग्रह विद्यापीठाच्या भारत कला भवनात आहेत. युद्धाच्याच काळात वेरूळच्या शिल्पांसमोर बसून तिनं त्यांच्या रचनेतल्या भूमितीचा शोध घेतला. त्यातून पुढे १९६२ मध्ये तिचा मोठा ग्रंथ आला. थोडं पुढे गेलं की रीवा कोठी लागते. तिथं आलँ दानिएलू हा फ्रेंच माणूस आपल्या स्विस मित्रासह राहायचा, वीणा शिकायचा, स्वामी करपात्रीजींकडे जायचा. त्यालाही घर सोडावं लागलं नाही.

नदीच्या दुसऱ्या टोकाला, वरुणेच्या संगमाजवळ राजघाट. तिथल्या कृष्णमूर्तींच्या विचारांवर चालणाऱ्या शाळेत १९३५ पासून ब्लांका श्लाम शिकवत होत्या. जन्म व्हिएन्नाचा, १९०४ चा. ज्यू घराणं, हात पियानोवर बसलेला, ओढा थिऑसफीकडे. मार्च १९३८ मध्ये हिटलरनं ऑस्ट्रिया गिळला आणि ऑस्ट्रियन माणसं कागदोपत्री जर्मन झाली. म्हणजे ज्या राजवटीनं ज्यूंना माणसातून उठवलं, त्याच राजवटीची प्रजा म्हणून इथलं सरकार या बाईंकडे पाहणार. त्या काशीतच राहिल्या. याच वर्षांत त्या आनंदमयी माँच्या सहवासात आल्या, पुढे संन्यास घेऊन आत्मानंद झाल्या आणि भारताच्या नागरिकही झाल्या. त्यांची रोजनिशी छापली गेली आहे. काशीत बसून आपल्या जुन्या जगाचा नाश दुरून सोसणाऱ्या एका बाईचा तो दस्तऐवज आहे. अध्यात्म म्हणून तो पुष्कळांनी वाचला असेल. माझ्या मते तो युद्धाचा कागद म्हणूनही वाचायला हवा.

सरकारचा संशय अगदीच निराधार होता असंही नाही. नाझी पक्षाची परदेशातली शाखा मुंबई आणि कलकत्त्यात काम करत होती. तिचा भारतातला प्रमुख ओस्वाल्ड उर्क्स हा मुंबईत औषधकंपनीत काम करणारा डॉक्टर होता, मलेरियावरचा जाणकार. म्युनिकची डॉयचे अकाडेमी भारतात जर्मन शिकवायला माणसं पाठवायची, भारतीय विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या द्यायची. त्यामागे संस्कृतिप्रेम किती आणि प्रचार किती, हा प्रश्न ब्रिटिश गुप्तचरांना पडणं साहजिक होतं. जर्मन शिकवणारा प्रत्येक माणूस त्यांच्या नजरेत होता. पण चाळणी इतकी मोठ्या भोकांची की उर्क्स आणि हिटलरपासून पळून आलेला ज्यू डॉक्टर दोघेही एकाच ट्रकमध्ये.

तो ट्रक जायचा अहमदनगरला. आज आपण अहिल्यानगर म्हणतो. नगरला अशा पाहुण्यांची सवय होती. १९०१-०२ मध्ये तिथं दक्षिण आफ्रिकेतले बोअर कैदी होते. पहिल्या महायुद्धात तर हिंदुस्थानातल्या जर्मनांची मुख्य छावणीच नगरला होती. गाझीपूर, रांची या भागात काम करणाऱ्या गोस्नर मिशनच्या माणसांचीही तेव्हा उचलबांगडी झाली. १९१५-१६ मध्ये ‘गोलकोंडा’ नावाच्या बोटीच्या दोन फेऱ्यांतून मिशनऱ्यांना, बायकामुलांना युरोपात परत पाठवलं. गाझीपूर ते बनारस अंतर किती? बनारसहून गंगेच्या प्रवाहाबरोबर निघालं तर पुढचंच मोठं गाव. म्हणजे या पट्ट्यातल्या लोकांनी गोरा पाद्री पोलिसांबरोबर जाताना एकदा पाहिलेला होता. पंचवीस वर्षांनी पुन्हा तेच.

१९३९ च्या अखेरीस आणि पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला नगरच्या छावणीत चौकशी समिती बसली. अध्यक्ष सर माल्कम डार्लिंग, पंजाबात खेड्यापाड्यांच्या कर्जबाजारीपणाचा अभ्यास केलेले आयसीएस अधिकारी. एकेकाला बोलवायचं, विचारायचं, ठरवायचं. बरेच ज्यू निर्वासित आणि मिशनरी त्यातून सुटले. व्हिएन्नाहून १९३८ मध्ये मुंबईत आलेला चित्रकार वॉल्टर लांगहामर सुटला, कारण मुंबईत त्याच्या मागे माणसं उभी राहिली. तो ‘टाइम्स ऑफ इंडिया’चा कलादिग्दर्शक होता. सुटला म्हणून बरं झालं. पुढे रझा, आरा, हुसेन ही मंडळी त्याच्या घरी जमू लागली, आधुनिक भारतीय चित्रकलेचा एक धागा त्या घरातून जातो. पण काशीतल्या संस्कृतच्या विद्यार्थ्यामागे कुठली कंपनी उभी राहणार?

आणि सुटलेल्यांचंही सुख टिकलं नाही. मे १९४० मध्ये जर्मन फौजा हॉलंड, बेल्जियममध्ये घुसल्या, दीड महिन्यात फ्रान्स पडला. इंग्रजांची झोप उडाली. सोडलेल्यांतल्या पुष्कळांना पुन्हा उचललं आणि या खेपेला बायकामुलंही सुटली नाहीत. त्यांना सातारा आणि पुरंदरला नेलं. दोन्ही ठिकाणी काटेरी तारेऐवजी हमीची व्यवस्था होती: ठरलेली हद्द ओलांडायची नाही, हजेरी द्यायची, पत्रं तपासून जाणार.

पुरंदर आपण पाहतो ते १६६५ च्या तहासाठी, मुरारबाजीसाठी, संभाजीराजांच्या जन्मस्थानासाठी. नारायणपूरच्या बाजूनं गाडीरस्त्यानं वर गेलं की लष्कराच्या चौकीत ओळखपत्र दाखवावं लागतं. मग डावी-उजवीकडे इंग्रजी अमदानीतल्या बराकींच्या भिंती आणि चर्च दिसतं. इंग्रजांनी हा गड आजारी गोऱ्या शिपायांच्या हवापालटासाठी वापरला, म्हणून तिथं राहण्याजोग्या इमारती होत्या. युद्धाच्या वर्षांत याच बराकींत जर्मन आणि ऑस्ट्रियन कुटुंबं राहिली. त्यांत मिशनऱ्यांच्या बायका होत्या, ज्यू निर्वासितही होते. मुलं तिथं वाढली, शाळा तिथंच. पावसाळ्यात धुकं बराकीच्या खिडकीतून आत यायचं आणि कपडे आठवडाभर वाळत नसणार, हे भर श्रावणात गडावर गेलेल्या कुणालाही सांगायला नको. चौकीवरचा जवान माझं आधार कार्ड उलटसुलट करून पाहत होता तेव्हा मनात आलं, या गडावर कागद पाहूनच माणूस ओळखायची रीत बरीच जुनी आहे.

पुरुष मात्र फिरत राहिले. नगरहून देवळाली, तिथून १९४१ मध्ये डेहराडूनजवळ प्रेमनगर. तिथली छावणी मोठी, तारांनी वेगळे केलेले विभाग असलेली. नाझी एकीकडे, नाझीविरोधी दुसरीकडे, अशी विभागणी हळूहळू करावी लागली, कारण एका बराकीत हिटलरचा वाढदिवस साजरा करू पाहणारा आणि त्याच माणसामुळे घरदार गमावलेला एकत्र झोपू शकत नव्हते. सुमात्रा-जावाकडचे डचांनी पकडलेले जर्मनही जपानी चढाईमुळे इकडे पाठवले गेले. त्यांच्यातली एक बोट, ‘व्हान इम्होफ’, १९ जानेवारी १९४२ रोजी बुडाली. डच खलाशी बोटीतून निसटले, कैदी मागे राहिले. चारशेहून जास्त जर्मन बुडाले. त्यांत बालीत राहणारा चित्रकार वॉल्टर श्पीस होता. जे दुसऱ्या बोटींतून पोचले ते प्रेमनगरला आले.

प्रेमनगरचं नाव जगात पसरलं ते हाइनरिश हारर या गिर्यारोहकामुळे. २९ एप्रिल १९४४ रोजी सात जण दिवसाढवळ्या फाटकातून बाहेर पडले. दोघांनी इंग्रज अधिकाऱ्यांचे गणवेश चढवले होते, बाकीचे तार दुरुस्त करणाऱ्या मजुरांच्या वेशात शिडी आणि तारांची भेंडोळी घेऊन त्यांच्या मागे. हारर आणि आउफश्नाइटर तिबेटला पोचले, अधिकारी झालेले मागेनर आणि फॉन हावे रेल्वेनं कलकत्त्याकडे आणि तिथून ब्रह्मदेशात जपान्यांपर्यंत गेले. गोष्ट झकास आहे यात शंका नाही. हारर १९३८ मध्ये एसएसमध्ये दाखल झाला होता हे १९९७ मध्ये बाहेर आलं, तेव्हा तिची चमक थोडी उतरली. पण मला ती गोष्ट सामान्य जर्मनांची वाटत नाही. सामान्य माणूस पळाला नाही. तो बसून राहिला.

बसून राहणाऱ्यांत तऱ्हेतऱ्हेची माणसं होती. लामा गोविंद, मूळचे एर्न्स्ट हॉफमान, जन्म १८९८, सॅक्सनीतले. पहिल्या महायुद्धात सैनिक होते, मग बौद्ध झाले, सिलोन, दार्जिलिंग, सारनाथ, शांतिनिकेतन असा प्रवास. १९३८ मध्ये त्यांनी ब्रिटिश नागरिकत्वही घेतलं होतं, तरी आत गेले. नेहरू घराण्याशी असलेली ओळख भोवली, असं ते सांगत. त्यांच्याबरोबर न्यानपोनिक थेर, म्हणजे हानाऊ गावचे ज्यू झिग्मुंड फेनिगर. सिलोनमधून इथं आणलेले. चीवर घातलेला ज्यू भिक्षू जर्मन म्हणून कैदेत, आणि त्याच्या गावचे उरलेले ज्यू १९४२ मध्ये गाडीत भरून पूर्वेकडे पाठवले जात होते. या भिक्षूनं छावणीत पाली ग्रंथांची भाषांतरं केली. व्हिएन्नाचे लेखक वॉल्टर आइडलिट्स १९३८ मध्ये बायको-मुलाला मागे ठेवून भारतात आले आणि अडकले. तारेआड त्यांना गौडीय मठाचे जर्मन शिष्य सदानंद भेटले आणि चैतन्य संप्रदायाचं दार त्यांच्यासाठी तिथं उघडलं. व्युर्फेलचं संस्कृतही अशा सोबतीत सुटलं नसणार. काशीत आयुष्य काढूनही काहींना जे साधत नाही, ते या लोकांना लष्करी बराकीत, डाळ-भात-पाव खात, मसुरीचे दिवे रात्री लांबून बघत साधलं. ही सक्तीची निवृत्ती होती. तिला कुणी आश्रम म्हणू नये, कारण दारावर संगीनवाला पहारा होता.

घरची खबर कशी यायची? बाहेर राहिलेल्यांसाठी रेडक्रॉसचा छापील कागद होता. त्यावर पंचवीस शब्द लिहायचे, ‘सुखरूप आहे, काळजी नसावी’ एवढीच भाषा. तो कागद जिनेव्हामार्गे जाणार, शत्रुदेशाचा सेन्सॉर त्यावर शिक्का मारणार, पाठच्या बाजूला तेवढ्याच शब्दांत उत्तर येणार. जायला-यायला महिनोन्‌महिने. छावणीतल्यांना तिकिटाशिवाय जाणारी कैद्यांची पत्रं होती, तीही मोजकी आणि तपासलेली. त्यात शहराचं नाव, हल्ल्याची तारीख लिहायची सोय नाही. म्हणजे हॅम्बुर्गच्या माणसाला जुलै १९४३ च्या बॉम्बवर्षावाची बातमी वर्तमानपत्रातून कळायची, तीही आकड्यात, आणि आपली आई त्या पस्तीस-चाळीस हजार मृतांत आहे की नाही हे कळायला वर्ष जायचं. फेब्रुवारी १९४५ मध्ये ड्रेस्डेन जळलं, सुमारे पंचवीस हजार माणसं गेली. सॅक्सनीतून आलेल्या कैद्यांनी ती बातमी छावणीत बसून ऐकली.

मागे राहिलेल्या त्यांच्या माणसांचं युद्ध याच्या अगदी उलट. जर्मनीत रेशनकार्डं युद्ध सुरू व्हायच्या आधीच, ऑगस्ट १९३९ च्या शेवटी वाटली गेली. परदेशी रेडिओ ऐकणं गुन्हा. खिडक्यांना काळे पडदे. कॉफीऐवजी भाजलेल्या धान्याचं पाणी. सुरुवातीची दोन-तीन वर्षं पुष्कळांना बरी गेली, आणि ती बरी का गेली हे सांगायला हवं. व्यापलेल्या देशांचं धान्य ओरबाडून आणलं जात होतं, शेजारचं ज्यू कुटुंब गेल्यावर त्यांचं कपाट, गादी लिलावात मिळत होती. घेणारी माणसं सामान्यच होती. प्रेमनगरच्या तारेनं भारतातल्या जर्मनांना या पापातही पडू दिलं नाही आणि या आगीतही नाही.

शिवाय एक हिशेब आपल्या बाजूचाही मांडावा. कैद्यांना जिनेव्हा कराराच्या धर्तीवर वागवलं जायचं, स्विस प्रतिनिधी तपासणीला यायचे, जेवण पोटभर. १९४३ मध्ये बंगालात सुमारे तीस लाख माणसं अन्नावाचून आणि साथींनी मेली. बनारसमध्ये धान्य, साखर, रॉकेल, कापड सगळ्याची टंचाई. ‘आज’ दैनिकाचे संपादक बाबूराव विष्णू पराडकर हे काशीत जन्मलेले मराठी गृहस्थ. सेन्सॉरच्या कात्रीखालून युद्धाच्या बातम्या ते वाचकांना देत होते आणि चळवळीसाठी ‘रणभेरी’ हे चोरटं पत्रक निघत होतं. ऑगस्ट १९४२ मध्ये पोलीस आणि लष्कर काशी हिंदू विद्यापीठात शिरलं, वसतिगृहं रिकामी केली. त्याच महिन्यात नेहरू, पटेल, आझाद नगरच्या किल्ल्यात आले. जर्मन तोवर नगर सोडून गेले होते. सरकार तेच होतं, शत्रू बदलला होता, एवढाच फरक.

आणि नगर जिल्ह्याच्या निमजचा नामदेव जाधव ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीत सेनिओ नदीच्या काठावर जर्मन मशीनगनवर एकटा चालून गेला. मराठा लाइट इन्फंट्रीच्या या जवानाला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याआधी जुलै १९४४ मधल्या पराक्रमासाठी माणगावकडच्या यशवंत घाडगे यांना तो मरणोत्तर मिळाला होता. आपल्या लोकांची जर्मनांशी गाठ पडली ती तिकडे, गोळीच्या टप्प्यात. इकडे साताऱ्यात जर्मन बाई बाजारहाट करताना दिसायची. दोन्ही दृश्यं एकाच लढाईची, पण साताऱ्याच्या माणसाला तसं कधी वाटलं असेल असं मला वाटत नाही.

मे १९४५ मध्ये जर्मनीनं हत्यार टाकलं तरी फाटक उघडलं नाही. दीड वर्ष आणखी गेलं. नोव्हेंबर १९४६ मध्ये ‘योहान द व्हिट’ ही बोट मुंबईहून पुरुष, बायका, मुलं भरून निघाली. पुरंदरवर, साताऱ्यात मोठी झालेली मुलं पहिल्यांदा ‘मायदेशी’ चालली होती. हॅम्बुर्गला उतरली ती त्या शतकातल्या सर्वांत कडक हिवाळ्यांपैकी एकात. शहर ढिगाऱ्यात, कोळसा नाही, बटाटे नाहीत. इथं उन्हाळ्यात तापलेले, पोट भरलेले हे लोक तिथल्या नातेवाइकांना विचित्रच वाटले असणार: सगळं जग जळत असताना तुम्ही कुठे होता? आइडलिट्स स्वीडनला गेले, त्यांचं कुटुंब तिथं वाचलं होतं. न्यानपोनिक सिलोनला परतले. लामा गोविंदांनी १९४७ मध्ये मुंबईच्या पेटिट घराण्यातल्या रत्तीशी लग्न केलं आणि दोघं पुढे अल्मोड्याच्या डोंगरावर जाऊन राहिली.

व्युर्फेल परतला आणि पुन्हा आला. पश्चिम जर्मनीनं दिल्लीत वकिलात उघडली तेव्हा तो सांस्कृतिक कामासाठी तिथं रुजू झाला आणि अनेक दशकं भारतातच राहिला. म्हातारपणी त्यानं ‘इंडिया – माय कर्मा’ नावानं आठवणी लिहिल्या.

ज्या जातीच्या कायद्यांच्या जोरावर हे सगळं झालं, त्यांचं आयुष्य मात्र माणसांपेक्षा लांब निघालं. १९६२ मध्ये चीनशी युद्ध झालं तेव्हा कलकत्ता, आसाम, दार्जिलिंगकडच्या हजारो चिनी वंशाच्या माणसांना राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत नेऊन कोंडलं. त्यांत पिढ्यान्‌पिढ्या इथं राहिलेले चांभारकाम, सुतारकाम, दंतवैद्यकी करणारे होते. १९३९ चा परदेशी नोंदणी कायदा आणि १९४६ चा परदेशी नागरिक कायदा २०२५ पर्यंत लागू होते. अस्सीवर संस्कृत किंवा सतार शिकायला येणारी जर्मन मुलं तोवर त्याच कायद्याखाली नाव नोंदवत होती. आता नवा कायदा आला आहे, नोंदणी ऑनलाइन झाली आहे.